पहिले साठ फूट

शर्यतीचा निकाल शेवटच्या खांबापाशीं लागतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि घोड्यांच्या शर्यतीपुरती ती बहुतांशीं खरीहि आहे. परंतु मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे कीं, ज्याचा निकाल पुष्कळ वेळां आरंभरेषेपासून साठ फुटांच्या आंतच लागून चुकलेला असतो. पुढचें सारें अंतर म्हणजे त्या निकालाची नुसती अंमलबजावणी. अमेरिकेंत या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. दोन गाड्या शेजारींशेजारीं उभ्या राहतात, खूण होतांच सुटतात, सरळ आणि सपाट पट्टीवरून पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, धांवतात, आणि जी आधीं पोंचेल ती जिंकते. वळण नाहीं, चढण नाहीं, दुसरा फेरा नाहीं. विदर्भांतला शंकरपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ही कल्पना परकी वाटूं नये; तेथेंहि सरळ पट्टीवर बैलजोडी सोडतात, आणि जोडी बुजली किंवा उशिरां उठली तर पुढें कितीहि पळून ती तूट भरून येत नाहीं.

इतक्या साध्या खेळाला इतिहास तो कसला, असें कोणी म्हणेल. पण उभी गाडी हलवावयाची कशी, हा या खेळांतला खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां माणसांनीं टायरांचें रबर बदललें, चालकाची बैठक इंजिनाच्या मागें नेली आणि पुन्हां पुढें आणली, एकानें तर पायाचा अर्धा पंजा गमावला, आणि अखेर जें काम माणसाचा डावा पाय करीत असे तें पुष्कळसें यंत्राकडे सोंपवून टाकलें.

या खेळाचा उगम कॅलिफोर्नियांतील मोजाव्हे वाळवंटांत आहे. त्या काळीं म्यूरॉक या नांवानें ओळखलें जाणारें एक कोरडें सरोवर तेथें आहे. त्याचा तळ मैलोगणती सपाट आणि फरशीसारखा टणक. १९३० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिसकडचे तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तांत घेत, त्यांचे मडगार्ड आणि टप काढून टाकीत, इंजिनांत आपल्या अकलेप्रमाणें फेरफार करीत, आणि या सरोवरावर जमून आपापल्या गाड्यांचा वेग अजमावीत. १९३७ सालीं त्यांच्या निरनिराळ्या क्लबांनीं मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था काढली. तेथें मोजला जाई तो गाडीचा परमोच्च वेग. गाडी दुरून धांवत येई आणि वेग पुरता चढल्यावर मापनाच्या टप्प्यांत शिरे. ती जागेवरून कशी हलली, अडखळत कीं झेपावत, याची कोणालाहि पर्वा नसे. उभ्या गाडीचा प्रश्न त्या काळीं अजून जन्मालाच आला नव्हता असें म्हटलें तरी चालेल.

तो जन्माला आला महायुद्धानंतर. म्यूरॉकचा तळ सैन्यानें विमानांसाठीं घेतला होता. इकडे युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातीं यंत्रविद्या होती आणि खिशांत थोडा पैसा. सरोवरें दूर; मग शहराबाहेरचे रस्तेच शर्यतीचें मैदान झाले. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, रात्रीच्या अंधारांत, कोणतीहि व्यवस्था नसतांना या शर्यती होत. त्यांत माणसें मरूं लागलीं. वर्तमानपत्रें संतापलीं, पोलिस खडबडून जागे झाले, आणि हातांनीं गाडी बांधणारा प्रत्येक तरुण गुन्हेगारांच्या रांगेंत उभा केला गेला. १९४८ सालीं निघालेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॅली पार्क्स यांनीं या तरुणांची बाजू घेतली. पण ती घेतांना त्यांना एक अटहि घातली, कीं शर्यत करावयाची तर ती रस्त्यावर नव्हे, नियमांखालीं आणि राखून ठेवलेल्या जागीं करावी. १९४९ सालीं सांता बार्बराजवळ गोलेटा येथें विमानतळालगतच्या रस्त्यावर अशा शर्यती झाल्या. १९५० सालीं सी. जे. हार्ट यांनीं सांता ॲना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर नियमित शर्यती सुरू केल्या, आणि १९५१ सालीं पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. या संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ सालीं पोमोना येथें झाली. पुढच्याच वर्षीं संस्थेचीं चार माणसें एक मोटार आणि तिच्यामागें सामानाचा गाडा जोडून देशभर हिंडलीं, आणि जागा कशी आंखावी, गाडी कशी तपासावी, प्रेक्षक किती दूर ठेवावे, हें गांवोगांवच्या क्लबांना शिकवीत सुटलीं. या दौऱ्यानें जितके जीव वांचले असतील तितके कोणत्याहि कायद्यानें वांचले नसावेत.

सरोवरावरून विमानाच्या धांवपट्टीवर येतांच खेळाचें स्वरूप पालटलें. धांवपट्टी आंखूड, तिच्यावर दुरून धांवत येण्यास जागा नाहीं, शिवाय शेवटीं थांबण्यापुरतीहि जागा राखावयाची. त्यामुळें गाडी उभीच सोडावी लागे. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अलीकडे अशा शर्यती भरल्या आहेत, त्याहि याच सोयीमुळें. सरळ, सपाट आणि रिकामा रस्ता विमानतळाखेरीज मिळावयाचा कोठें?) आणि गाडी उभी सोडूं लागतांच तरुणांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या शक्तीसाठीं आपण रात्री जागविल्या ती शक्ति आरंभरेषेवर नुसता धूर काढते.

याचें कारण साधें आहे. गाडीला पुढें लोटतो तो रस्ता, इंजिन नव्हे. इंजिन चाक फिरवितें. चाक रस्त्याला मागें रेटतें. आणि रस्ता गाडीला पुढें रेटतो. हें रेटणें टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाइतकेंच होऊं शकतें, आणि घर्षण अवलंबून असतें चाकावर पडणाऱ्या वजनावर. समजा, गाडीचें सर्वच्या सर्व वजन मागच्या, म्हणजे फिरविणाऱ्या, चाकांवर आहे, आणि घर्षण वजनाइतकेंच आहे. मग गाडीचा वेग दर सेकंदास सुमारें ३२ फूट प्रतिसेकंद या मानानें वाढेल. दगड खालीं पडतांना ज्या मानानें वाढतो त्याच मानानें. त्या हिशेबानें पहिले साठ फूट १.९३ सेकंदांत आणि पाव मैल ९.०६ सेकंदांत संपेल. इंजिन दुप्पट बलवान केलें तरी या आंकड्यांत फरक पडणार नाहीं. ही पाठ्यपुस्तकी गणिताची भिंत होती, आणि पुढल्या पंधरा वर्षांचा इतिहास म्हणजे त्या भिंतीला खालून दिलेला सुरुंग.

पहिला उपाय वजनाचा. डिक क्राफ्ट यानें १९५० च्या सुमारास गाडीवरचें जें जें काढतां येईल तें तें काढून टाकलें. उरला नुसता सांगाडा, इंजिन आणि बसण्याची जागा. दुसरा उपाय वजनाची जागा बदलण्याचा. १९५४ सालीं मिकी टॉम्पसन यानें चालकाला थेट मागच्या आंसाच्याहि पाठीमागें बसविलें. बेचकींतल्या खड्याप्रमाणें चालक शेवटाला बसलेला, म्हणून या बांधणीला ‘स्लिंगशॉट’ हेंच नांव पडलें. चालकाचें वजनहि मागल्या चाकांवर पडलें. पण भडकलें इंजिन बरोबर त्याच्या तोंडापुढें आलें, आणि क्लच व गिअरपेटी त्याच्या दोन पायांच्या मधोमध. याची किंमत पुढें चुकवावी लागली.

तिसरा उपाय टायरचा, आणि तो सर्वांत निर्णायक ठरला. रस्त्यावरच्या टायरला खांचा असतात त्या पाण्यासाठीं. कोरड्या पट्टीवर खांच म्हणजे वायां गेलेलें रबर. म्हणून गुळगुळीत टायर आले. मॅसॅच्युसेट्समधील ‘एम अँड एच’ या कारखान्यानें खास या शर्यतीसाठीं मऊ रबराचे टायर बनविले. मऊ आणि तापलेलें रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून त्याला अक्षरशः चिकटतें, आणि मग घर्षण वजनाइतकेंच असतें हा नियम लागू राहत नाहीं. १ ऑगस्ट १९६४ रोजीं न्यू जर्सींतील आयलंड ड्रॅगवेवर डॉन गार्लिट्स यांनीं पाव मैल आठ सेकंदांच्या आंत संपवून शेवटीं ताशीं २०१.३४ मैलांचा वेग गांठला. नऊ सेकंदांची ती भिंत केव्हांच मागें पडली होती.

टायर घसरत होते तोंवर एक सोय होती, ती कोणाच्या लक्षांत आली नव्हती. इंजिनाची अतिरिक्त शक्ति टायरच्या धुरांतून निघून जात असे. टायर चिकटूं लागल्यावर ती शक्ति जावी कोठें? इंजिन मिनिटाला हजारों फेरे घेत आहे आणि चाक स्थिर आहे. या दोहोंमधला भेद कोठें तरी जिरलाच पाहिजे. एक तर टायर घसरेल, नाहीं तर क्लच घसरेल, नाहीं तर कांहीं तरी मोडेल. साठीच्या दशकांत टायरांच्या बाजू मुद्दाम नरम ठेवण्यांत आल्या. आरंभीं त्यांना कापडासारख्या चुण्या पडतात आणि पहिला धक्का त्या गिळतात. त्याबरोबर क्लचहि असा बांधण्यांत आला कीं, तो आरंभीं ठराविक मापानें घसरावा आणि मग हळूहळू आवळत जावा. पण घसरणारा क्लच तापतो, तापलेली तबकडी तडकते, आणि त्या वेगानें फिरणाऱ्या तबकडीचे तुकडे बंदुकीच्या गोळीप्रमाणें जातात. क्लचभोंवतीं जाड पोलादी कवच घालणें त्यामुळें सक्तीचें झालें.

८ मार्च १९७० रोजीं लाँग बीचजवळील लायन्स पट्टीवर गार्लिट्स यांच्या गाडीची दोन गतींची गिअरपेटी आरंभरेषेवरच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा अर्धा पंजा गेला. त्यांनीं इस्पितळांतच नव्या गाडीचा विचार सुरू केला: इंजिन चालकाच्या मागें ठेवावयाचें. अशी बांधणी पूर्वीं इतरांनीं करून पाहिली होती, पण ती सरळ धांवत नसे. गार्लिट्स यांनीं सुकाणूची प्रतिक्रिया मंद करून ती सरळ धांवती केली, आणि १९७१ सालीं पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतींत ते त्याच गाडींतून विजयी झाले. थोड्याच वर्षांत त्या वर्गांत चालकापुढें इंजिन असलेली गाडी दिसेनाशी झाली. एका माणसाच्या पायाच्या मोबदल्यांत पुढच्या सगळ्या चालकांचे पाय वांचले, असा हा हिशेब आहे.

या झाल्या खास बांधलेल्या गाड्या. सामान्य प्रेक्षकाचें मन मात्र नेहमीं अधिक रमलें तें दुकानांत मिळणाऱ्या बलाढ्य गाड्यांत, कारण त्यांत त्याला स्वतःला बसतां येत होतें. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स मोटारीला १९५७ सालीं हातानें बदलावयाचे चार गिअर मिळाले. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या कारखान्यांनीं प्रचंड इंजिन, चार गिअर आणि अरुंद टायर अशा गाड्या बाजारांत आणल्या. अशी गाडी पट्टीवर नेणाऱ्या नवशिक्याची फजिती आजहि तशीच होते. त्याच्याकडून दोनच चुका संभवतात, पण त्या परस्परविरुद्ध असतात. तो क्लचवरून पाय एकदम काढतो आणि चाकें जागच्या जागीं गरगरतात. किंवा त्या भयानें इंजिनाचे फेरे कमी ठेवतो आणि गाडी दम कोंडल्यासारखी रेंगाळते.

पहिल्या चुकीचें मर्म फ्लायव्हीलमध्यें आहे. आरंभींचा तडाखा इंजिनाच्या चालू शक्तीचा नसून फिरत्या जड चाकांत सांठविलेल्या शक्तीचा असतो, आणि ही सांठवण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. फेरे दुप्पट केले तर सांठा चौपट. तो एका क्षणांत सोडणें म्हणजे घणाचा घाव घालणें. रस्त्यावरचे साधे टायर असतील तर तो घाव ते सोसत नाहींत आणि सुटतात; शर्यतीचे चिकट टायर असतील तर ते सोसतात, मग आंस मोडतो. म्हणून जाणता चालक साध्या टायरांवर इंजिन दोन-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास स्थिर धरतो, क्लच जेथें पकडूं लागतो त्या बिंदूपर्यंत पेडल आधींच आणून ठेवतो, आणि खूण होतांच पाय झटक्यानें न काढतां सेकंदभरांत सोडीत जातो; उजवा पाय त्याच मापानें दाबीत जातो. थोडें घसरणें चालतें, किंबहुना हवेंच असतें. टायरची पकड सर्वांत अधिक असते ती तो दहा-पंधरा टक्के अधिक वेगानें फिरत असतांना. त्यापलीकडे गेला कीं पकड कोसळते, आणि ती परत मिळवावयाची तर उजवा पाय उचलण्यावांचून गत्यंतर नाहीं. शर्यतींत पाय उचलण्याइतकें जड दुसरें कांहीं नसतें.

गाडी झेपावतांना तिचें वजनहि मागें सरकतें. साडेतीन हजार पौंडांची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांत शंभर इंचांचें अंतर, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून वीस इंच उंच, असें धरलें तर पडत्या दगडाच्या निम्म्या मानानें वेग वाढतांना ३५० पौंड पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातात. हें वजन पोंचण्यास क्षणभर लागतो. आधीं हळुवार लोटून वजन मागें बसूं द्यावयाचें आणि मग पुरी शक्ति द्यावयाची, हें साऱ्या कौशल्याचें बीज होय. टायर आणि आंस यांना हा पीळ सोसला नाहीं तर मागचीं चाकें थडथड उड्या मारूं लागतात. मागचीं दोन चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होतील अशी बांधणी वळणावर उत्तम, पण येथें ती अडचणीची. १९९९ नंतरच्या मस्टँग कोब्रा गाड्यांत ही बांधणी होती, आणि पट्टीवर जाणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं ती काढून जुन्या पद्धतीचा अखंड आंस बसविला. प्रगति नेहमीं एकाच दिशेनें जात नाहीं.

बारीकसारीक शहाणपण आणखीहि आहे. शर्यतीच्या गाड्या आरंभरेषेमागें पाण्यांत चाकें भिजवून, पुढचे ब्रेक बांधून, तीं गरगर फिरवून टायर तापवितात. खांचांच्या टायरांनीं त्या पाण्याला वळसा घालून जावें. नाहीं तर खांचांत सांठलेलें पाणी नेमकें आरंभरेषेवर ठिबकतें. अशा टायरांना धूळ झाडण्यापुरता एक लहानसा फेर पुरे. धांव संपल्यावर चालकाच्या हातीं कागदाची एक चिठ्ठी पडते. तिच्यांत साठ फुटांचा, मधल्या टप्प्यांचा आणि पाव मैलाचा काळ छापलेला असतो. आरंभीं वांचलेला एक दशांश सेकंद शेवटीं दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा तेथील जाणत्यांचा अनुभव आहे. म्हणून तालीम करणारा प्रथम साठ फुटांचा आंकडा पाहतो, एका वेळीं एकच गोष्ट बदलतो, आणि पुन्हां रांगेंत जाऊन उभा राहतो.

हें कौशल्य कोणत्या थरापर्यंत जाऊं शकतें तें नॉर्थ कॅरोलायनांतील बर्लिंग्टनच्या रॉनी सॉक्स यांनीं दाखविलें. भागीदार बडी मार्टिन यांच्याबरोबर ते प्लिमथ गाड्या पळवीत. गाडीच्या विक्रेत्यांकडे वर्ग भरवून सामान्य मालकांनाहि ही विद्या शिकवीत. १९७० सालीं ‘प्रो स्टॉक’ हा वर्ग निघाला. पहिल्या शर्यतीच्या अंतिम फेरींत बिल जेन्किन्स यांनीं सॉक्स यांना हरविलें, पण चार गिअर हातानें बदलण्यांत सॉक्स यांची बरोबरी करणारे विरळा. त्यांचे गिअर इतक्या झपाट्यानें पडत कीं, कानाला मधली फट जाणवूं नये. मग काय झालें? दोन-तीन वर्षांतच लेन्को नांवाची नवी गिअरपेटी आली. तिच्यांत दर गतीला वेगळा दांडा. दांडा ओढला कीं गति बदलली, क्लचला पाय लावण्याची गरज नाहीं. क्लच उरला तो केवळ सुटण्यापुरता. आयुष्यभर कमावलेली सॉक्स यांची विद्या कोणालाहि विकत मिळूं लागली.

एक गोष्ट मात्र यंत्राला पुष्कळ काळ घेतां आली नाहीं. प्रारंभीं निशाणवाला मधोमध उभा राहून उडी मारीत निशाण फडकावी, आणि त्याच्या खांद्याची हालचाल हेरून आधीं सुटणारे चालक असत. १९६३ सालीं इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय शर्यतींत दिव्यांचा खांब आला. रंगीत दिव्यांमुळें त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. आज व्यावसायिक चालकांसाठीं तीन पिवळे दिवे एकदम लागतात आणि चार दशांश सेकंदांनीं हिरवा. हिरवा पाहून सुटणारा हरलाच. पिवळा दिसतांच पाय सुटला पाहिजे, आणि तो कणभर आधीं सुटला तर तांबडा दिवा लागून शर्यत संपते. चालक किती चटकन् सुटला हा काळ गाडीच्या धांवेच्या काळांत धरीत नाहींत. त्यामुळें अधिक वेळ घेणारी गाडीहि कधीं कधीं आधीं पोंचते आणि जिंकते. हरलेल्या चालकाच्या चिठ्ठीवरचा आंकडा जिंकलेल्यापेक्षां सरस असतो. तो घेऊन त्यानें काय करावें, याचें उत्तर संस्थेच्या नियमपुस्तकांत नाहीं.

दुकानी गाड्यांत हा निर्णयहि हळूहळू संगणकाकडे गेला. २०१० च्या कॉर्व्हेटमध्यें हाती गिअर असूनहि चालकानें उजवा पाय पुरा दाबावा, इंजिनाचे फेरे संगणक धरून ठेवील, आणि क्लच सोडल्यावर चाकें किती घसरूं द्यावयाचीं तेंहि तोच ठरवील, अशी सोय आली. २०१८ च्या डॉज डेमन गाडींत स्वयंचलित गिअरपेटीच गाडीला रोखून धरते; चालकानें फक्त कळ सोडावयाची कीं पुढचीं चाकें जमिनीवरून उचललीं जातात. तीन पेडलांची शेवटची कॉर्व्हेट २०१९ सालची. २०२० पासूनच्या कॉर्व्हेटमध्यें क्लच आहेत, एक सोडून दोन आहेत. पण त्यांचें पेडल नाहीं.

सर्वांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ गाडींत मात्र तें पेडल अजून आहे. चालक आरंभरेषेवर त्यावरून पाय काढून घेतो, हातब्रेकनें गाडी धरतो, आणि दिवा लागतांच उजवा पाय खालीं मारतो. क्लच किती आणि केव्हां आवळावयाचा तें हवेच्या दाबावर चालणारीं कालयंत्रें ठरवितात, आणि त्यांचीं मापें यंत्रज्ञानें धांवेपूर्वींच लावून ठेवलेलीं असतात. अमेरिकेंत हाती गिअरच्या गाड्यांचे वेगळे वर्ग मात्र आजहि भरतात. तेथें सुटण्याच्या वेळीं गाडींतून जळक्या क्लचचा करपट वास येतो, आणि दर कांहीं धांवांनंतर एखादी गाडी आरंभरेषेवरूनच मोडका आंस घेऊन ढकलीत परत आणावी लागते.